ऑफिसातला दसरा, आरतीचं ताट आणि माझं ख्रिस्ती असणं

शलोमी | सोमवार, रात्री ९:५२

सर्वांना सलाम. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी भांडुपला राहते, नोकरी अंधेरीला मरोळच्या बाजूला. आम्ही मूळचे नगरचे, पणजोबांपासून ख्रिस्ती, प्रोटेस्टंट. आडनाव गायकवाड. त्यामुळे मी सांगितल्याशिवाय कुणाला कळायचं कारण नाही आणि सहा वर्षांत मी ऑफिसात सांगितलेलं नाही. लपवलं असं नाही, विषयच निघाला नाही. घरचं नाव शलोमी, कागदोपत्री वेगळं. नाताळची सुट्टी सगळ्यांनाच असते.

गेल्या महिन्यात टीम लीड झाले. आमच्या मजल्यावर दसऱ्याच्या आदल्या दिवशी जोरात पूजा असते. सर्व्हर रूमच्या दाराला झेंडूचं तोरण, प्रत्येक लॅपटॉपला हळदकुंकू, कीबोर्डवर अक्षता (माझ्या स्पेसबारखालून मार्चपर्यंत तांदूळ निघत होते). नवीन लीडने आरती करायची अशी पद्धत आहे. आज साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "यंदा ताट गायकवाड मॅडमच्या हातात." मी हसले आणि हो म्हणाले. तेव्हापासून घास गोड लागत नाहीये.

साहेब माणूस चांगला. एखाद्या आठवड्यात टाइमशीटचे तास कमी पडले तर "भरून टाक गं, क्लायंट कुठे मोजत बसलाय" म्हणून सांभाळून घेतात. त्यांना दुखवायचं नाही. पण ओवाळायचं तर ते मनापासून हवं ना? खोटं ओवाळलं तर माझ्या देवाशी खोटं आणि त्यांच्या देवीशीही. आई म्हणते, सरळ रजा टाक. नवरा म्हणतो, हात गोल फिरवायचा, त्यात काय एवढं.

तुम्ही काय करता? ख्रिस्ती मंडळींनी सांगाच, इतरांनीही सांगा.

नऊसतरा_फास्ट | सोमवार, रात्री १०:०१

नवऱ्याला +१. पुढचा धागा?

बाबल्या_वांद्रेकर | सोमवार, रात्री १०:२०

शलोमीताई, आमच्याकडे उलटी गंमत. वांद्र्याच्या मोत माउलीच्या (माउंट मेरी) जत्रेत, सप्टेंबरात, डोंगरावर मेणाचे हात, पाय, बाळं, घरं, हल्ली तर मेणाची विमानंसुद्धा विकायला असतात. रांगेत निम्म्याहून जास्त माणसं हिंदू असतील असा माझा अंदाज. कुणी विचारत नाही की बाई तुझा विश्वास खरा का. माहीमच्या चर्चला बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला तेच. ते आपल्याकडे येऊन मेणबत्ती लावतात, आपण त्यांच्याकडे जाऊन ताट धरलं तर आभाळ कोसळतं का? मी तर सोसायटीच्या गणपतीत मंडपाची वायरिंग करतो. ख्रिस्ती वायरमनने लावलेले दिवे गणपती नाकारत नाही.

पाळकाचा_थोरला | सोमवार, रात्री १०:५८

बाबल्या, वायरिंग आणि ओवाळणं यात फरक आहे, आणि तो तुलाही कळतोय.

शलोमीताई, तुमचा प्रश्न नवा नाही. बायबलात २ राजेच्या पाचव्या अध्यायात नामान आहे, अरामाच्या राजाचा सेनापती. कुष्ठ बरं झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, यापुढे तुमच्या देवाशिवाय कुणाला होमबली करणार नाही. मग जाता जाता एक अडचण सांगतो. माझा धनी रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, तो वाकला की मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची मला क्षमा असावी. अलीशा त्याला नियम ऐकवत नाही, राजीनामा दे म्हणत नाही. एवढंच म्हणतो, शांतीने जा.

वडील हा भाग संडे स्कूलला कधी घेत नसत. ते दानीएलच्या तिसऱ्या अध्यायावर यायचे, राजाच्या मूर्तीपुढे न वाकता भट्टीत गेलेले तिघे. मुलांना भट्टी आवडते. पण नोकरी करणाऱ्या माणसाला नामान जवळचा.

आणि प्रसादाबद्दल प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलंय (१ करिंथ १०). बाजारात मिळतं ते खा, कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, चौकशा करू नका. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. आमच्या घरी यावर दोन मतं होती. वडील पेढा परत करायचे, आई रुमालात बांधून घ्यायची आणि कोपऱ्यावरच्या पोरांना द्यायची. पेढा वाया गेला नाही हे खरं.

निरीश्वर | सोमवार, रात्री ११:१५

मुळात ऑफिसात पूजा का? तुम्ही सगळे नामान-पौल करताय, पण साधी गोष्ट आहे. राज्यघटनेच्या सरनाम्यात १९७६ साली ४२व्या दुरुस्तीने 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द घातला. त्याआधीपासून २५व्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहेच. त्यात नाही म्हणायचं स्वातंत्र्यही येतं. मी नास्तिक आहे, मलाही दरवर्षी हातात घंटी देतात. ताईंनी ठाम नाही म्हणावं म्हणजे पुढच्या वर्षी माझी घंटी सुटेल.

नऊसतरा_फास्ट | सोमवार, रात्री ११:१८

म्हणजे लढायचं ताईंनी, घंटी सुटणार तुझी.

कादोडी | मंगळवार, सकाळी ७:४०

विरार लोकलमधून लिहितोय, एका हाताने. मी वसईचा, कॅथॉलिक. आमच्याकडून पोर्तुगीज १७३९ साली गेले, जाताना आडनावं ठेवून गेले. त्यामुळे शलोमीसारखी सोय आम्हाला नाही, हजेरीपटावरच कळतं. "तुम्ही ख्रिश्चन असून मराठी किती छान बोलता हो" हे आठवड्यातून एकदा. अहो, घरी दुसरं बोलतो काय? आमचे फादर दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तरी प्रश्न तोच.

राखेच्या बुधवारची (ॲश वेन्सडे, आमच्या उपासकाळाचा पहिला दिवस) गोष्ट सांगतो. सकाळच्या मिस्साला (चर्चमधली उपासना) कपाळावर राखेचा क्रूस घेतला आणि तसाच चर्चगेटला उतरलो. लिफ्टमध्ये एका बाईंनी पर्समधून ओला टिश्यू काढून पुसायलाच घेतलं, "काहीतरी लागलंय तुम्हाला". जागेवर गेलो तर शेजारचा म्हणाला, "सिद्धिविनायकाला मंगळवारी जायचं, तुम्ही बुधवारी कसा अंगारा?" मी म्हटलं, आमचा बुधवारचाच असतो. त्याने मान डोलवली आणि कामाला लागला. विषय संपला.

गंमत म्हणजे त्या दिवशीचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलातलं वाचन, मत्तयाचं सहावं. उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना दिसू देऊ नका. आणि तेच ऐकून झाल्यावर आम्ही कपाळाला राख फासून मुंबईभर फिरतो. फादरांना एकदा विचारलं, तर म्हणाले, पुसायची असेल तर पूस, पण लाजेने पुसू नकोस आणि मिरवायलाही ठेवू नकोस. म्हणजे नेमकं काय करू ते अजून कळलेलं नाही.

अंधेरी आली, बाकी नंतर.

टाळकरी | मंगळवार, दुपारी १:०५

मी वारकरी, कल्याणहून येतो. आमच्या डब्यात भजन असतं. बारा-तेरा वर्षांपासून एक ख्रिस्ती सद्गृहस्थ आमच्यात आहेत, टाळ माझ्याहून चांगला वाजवतात. तुकोबांचे अभंग तोंडपाठ. शेवटी आरती सुरू झाली की ते टाळ खाली ठेवून नुसते उभे राहतात. कुणी काही बोललं नाही, त्यांनीही कधी खुलासा दिला नाही. एकदा नवीन पोरगा म्हणाला, काका टाळी तरी वाजवा. आमचे बुवाच त्याला म्हणाले, "त्यांचं ते खरं आहे, तू तुझं बघ."

मला विचाराल तर, जिच्या मनात नाही तिने आमच्या देवीची आरती केलेली मला नको. साहेबांना सांगा. ते भाविक असतील तर त्यांना पटेल.

खवचट_खंडू | मंगळवार, दुपारी १:३०

सहा वर्षं सांगितलं नाही म्हणजे काहीतरी कारण असणारच. फायदे इकडचेही आणि तिकडचेही. पणजोबांना धर्म बदलायला किती पोती तांदूळ मिळाला होता?

पाळकाचा_थोरला | मंगळवार, दुपारी २:१०

खंडूशेठ, फायद्याचा हिशोब घ्या. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याची अनुसूचित जात कागदावरून जाते. १९५६ साली शीख त्यात आले, १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती आजही नाहीत. माझ्या वडलांचा चुलत भाऊ त्याच गल्लीत, त्याच विहिरीवरून हाकललेला, त्याची फी माफ. वडलांनी पूर्ण भरली. शाळेत कारकुनाने समजावलं होतं की दाखल्यावर धर्म दुसरा लिहू, कुणाला कळतंय. आजोबांनी लिहू दिलं नाही. आजी सांगायची की त्या वर्षी घरातली पितळी भांडी एकेक करून मोडीत गेली.

तांदूळ मिळाला असता तर बरं झालं असतं.

संचालक | मंगळवार, दुपारी २:२५

खवचट_खंडू, पहिली आणि शेवटची समज. विषयावर राहा.

माझगावची_आजी | मंगळवार, सायंकाळी ५:३०

नातू टाइप करतोय, मी सांगतेय. माझं वय ८१. आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, फादरांची आमच्याकडे पाठ. एक अक्षर कळत नसे, आम्ही आपली माळ ओढायचो. १९६४च्या डिसेंबरात पोप पॉल सहावे मुंबईला आले तेव्हा ओव्हलवर ही गर्दी. मी वीस वर्षांची, नवी चप्पल तिथेच हरवली.

आमच्या वाडीत रस्त्याला क्रूस आहे, प्लेगच्या वेळचा. जुने लोक सांगायचे, तेव्हा सगळ्यांनीच तिथे नवस केले, कोळ्यांनी, भंडाऱ्यांनी, आम्ही. दोन घरं सोडून राहणारी बाई, आता वारली, मंगळागौरीचं जागरण करायची आणि रोज संध्याकाळी त्या क्रुसाला दिवाही लावायची. मी तिच्या जागरणाला जायची, फुगडी घालायची, पूजेला बसायची नाही. तिने कधी बस म्हटलं नाही. मी कधी दिवा लावू नको म्हटलं नाही. आम्हाला एवढं बोलावं लागत नव्हतं. तुमची ऑफिसं काचेची, तिथे सगळंच दिसतं.

बाबल्या_वांद्रेकर | मंगळवार, सायंकाळी ५:४१

आजी, बॉटल मसाला घरी कुटता का अजून? आमची कुटणारी बाई मे महिन्यात आलीच नाही.

माझगावची_आजी | मंगळवार, सायंकाळी ५:५५

गुडघे गेले रे. मिक्सरचा घ्या आता. मिरची मात्र दोन ऊन दाखवल्याशिवाय घालू नका. (आजी अजून बोलतेय, मी थांबवलंय. - नातू)

दादरची_सून | मंगळवार, रात्री ९:१०

मी कॅथॉलिक, नवरा हिंदू. बिशपांची परवानगी काढून चर्चमध्ये लग्न केलं, आणि संध्याकाळी मंगलाष्टकंही झाली कारण सासूबाईंनी पाटावरच्या अक्षता आधीच रंगवून ठेवल्या होत्या. दिवाळीचा कंदील उतरला की त्याच हुकाला नाताळचा तारा लागतो. होल्डर आणि वायर तीच.

ऐकायला छान वाटतं ना? पण मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा तिने विचारलं, "मी दोन्ही आहे म्हणजे मी काय आहे?" तेव्हा तो हुक काही कामाला आला नाही. आता रविवारी मी तिला मिस्साला नेते, सासूबाई तिला शुभंकरोति शिकवतात, आणि मोठी झाल्यावर ठरवशील असं आम्ही म्हणतो. ते उत्तर नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. म्हणून 'त्यात काय एवढं' म्हणणाऱ्यांचा मला जरा रागच येतो.

जक्कयचा_पुतण्या | मंगळवार, रात्री ११:४०

सगळे ताटावर बसलेत. माझं लक्ष मात्र शलोमीच्या एका वेगळ्याच वाक्यावर अडकलं. "टाइमशीटचे तास कमी पडले तर भरून टाक गं."

पोरी, राग मानू नकोस. मी निवृत्त इंजिनिअर, एका सरकारी खात्यात ३१ वर्षं काढली. रविवारी चुकत नसे. मेगाब्लॉक असला की माटुंग्याला उतरून बसने जायचो, पण उपासना चुकवली नाही. ऑफिसातल्या सत्यनारायणाला मी कधी प्रसाद घेतला नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. त्याच टेबलावर मोजमाप वहीत सहा इंची थर नऊ इंची म्हणून लिहिलेला असायचा आणि खाली माझी सही. पैसे मी घेतले नाहीत. फक्त सही केली, कारण साहेब चांगले होते, सांभाळून घ्यायचे. तुझेच शब्द आहेत म्हणून डोळ्यांत खुपले.

शिऱ्याने माझा विश्वास बाटेल अशी भीती होती. नऊ इंचांची वाटली नाही. एका पावसाळ्यात तो रस्ता उखडला, तेव्हा मी घरी येऊन लूकचं एकोणिसावं काढून बसलो. त्यातल्या जक्कय नावाच्या जकातदाराने ज्याला फसवलं त्याला चौपट परत द्यायचं कबूल केलं. आमच्या साहेबांनी रिव्हाइज्ड एस्टिमेट केलं. त्यावरही सही माझीच.

आरतीचं काय करायचं ते तुझं तू ठरव, दोन्हीकडून बोलता येतं. तासांचं दोन्हीकडून बोलता येत नाही.

निरीश्वर | बुधवार, सकाळी ८:०५

काका, सलाम. फक्त एक. खोटे तास न भरण्यासाठी देव लागत नाही. मीही भरत नाही.

जक्कयचा_पुतण्या | बुधवार, सकाळी ८:३०

खरं आहे. तुला लागत नाही ही चांगली गोष्ट. मला देव असूनही जमलं नाही, ते सांगत होतो.

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ९:१५

ड्यूटीवरून आत्ता आले, झोपायच्या आधी थोडं लिहिते. मी नर्स आहे. रविवार महिन्यातून एखादा मिळतो, तोही झोपण्यात जातो. आमच्या पाळकांनी एकदा 'रविवार न पाळणाऱ्यांवर' उपदेश केला, नेमकी त्या दिवशी मी आले होते.

वॉर्डमध्ये धर्माचं बोलायचं नाही असा नियम आहे आणि तो बरोबर आहे. पडलेल्या माणसाला पर्याय नसतो. मागे पहाटे तीनला एक आजोबा, ऑपरेशनच्या भीतीने जागे, म्हणाले, "सिस्टर, तुम्ही क्रिश्चन ना? काहीतरी म्हणा." मी विचारलं, तुम्ही घरी काय म्हणता? म्हणाले, रामरक्षा, पण आत्ता आठवत नाहीये. मलाही येत नव्हती. मोबाइलवर शोधून लावली, आवाज बारीक ठेवला, त्यांचा हात धरून बसले आणि मनात माझी प्रार्थना केली. सलाइनच्या सुईमुळे हात सुजला होता, बोटं तेवढी धरता आली. रामरक्षा लावली म्हणून मी कमी ख्रिस्ती झाले का, हे मला पाळकांना विचारायचं होतं. विचारलं नाही.

कादोडी | बुधवार, सकाळी ९:३२

नको विचारूस.

शलोमी | बुधवार, रात्री १०:३०

सगळं दोनदा वाचलं. रात्रपाळी, तुमचं वाचून डबा तसाच राहिला. काका, राग नाही आला. आधी आला होता, दुपारपर्यंत. मग टाइमशीट उघडून बघितली. टीम लीड झाल्यापासून सात जणांच्या शीटवर माझं अप्रूव्हल आहे. माझ्यापुढे येणाऱ्या शीट्सपैकी तीन खोट्या आहेत, मला माहीत आहे. पूजेनंतर लिहिते.

शलोमी | पुढचा सोमवार, रात्री ९:२०

झालं एकदाचं. गुरुवारी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. वाक्य पाठ करून गेले होते, तरी नामानापासून सुरुवात केली, ते बिचारे गोंधळले. शेवटी म्हटलं, सर, मी ख्रिस्ती आहे, मी पूजेला असेन, तोरण करेन, पण आरती माझ्याकडून मनापासून होणार नाही, ती दुसऱ्या कुणीतरी करावी. ते दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "अगं, गायकवाड ना तू?" मग "आधी नाही का सांगायचं, आम्ही सहा वर्षं तुला उपासाची खिचडी खायला घालतोय."

मी पायरीशी झेंडूच्या पाकळ्यांची रांगोळी काढली. आरतीला मागे उभी राहिले, हात खाली. टीममधल्या एकीने तेवढ्यात वळून बघितलं, ते मला दिसलं. पेढा खाल्ला. आईला सांगितलं तर दोन दिवस धड बोलत नाहीये, तिच्या मते उभीसुद्धा राहायला नको होतं.

नवीन संकट. आता सगळा मजला म्हणतोय, नाताळला केक पाहिजे. आमच्याकडे कधी केक झालाच नाही. आमचा नाताळ म्हणजे करंज्या, शंकरपाळे, चकली.

आणि काका, त्या तीन शीट्स. दोन परत पाठवल्या. तिसरी साहेबांची स्वतःची आहे, माझ्याकडे नुसती फॉरवर्ड होते. ती अजून इनबॉक्समध्ये आहे.

जक्कयचा_पुतण्या | सोमवार, रात्री ९:४५

घाई करू नकोस. पण मी केली तितकी वाटही बघू नकोस.

निरीश्वर | सोमवार, रात्री ९:५०

माझ्या घंटीचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. यंदाही वाजवली.

टाळकरी | सोमवार, रात्री ९:५८

तालात तरी होती का?

माझगावची_आजी | सोमवार, रात्री १०:१०

करंज्याच ने. ओल्या नारळाच्या नको, दुसऱ्या दिवशी टिकत नाहीत. (नातू: केक मी आणून देतो असं मी सुचवलं, आजीने ऐकलं नाही.)